उंबरावरचा कर्णा

जना दारात येऊन उभी राहिली तेव्हा मालोजी मिस्त्री ओसरीवर बशीत चहा ओतत होते. ती हेदवाडीहून कर्जतपर्यंत अनवाणी चालत आली होती आणि आत यायला तयार नव्हती.

"बाबाला वाडीतून काढत्यात," ती म्हणाली. "शनवारी दिस मावळायच्या आत जायाचं. तुमी चला."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या तारखात्यात खांबांवर चढण्यात घालवली होती. नोकरीच्या शेवटी घाटात तारा बदलण्याचं काम निघालं तेव्हा हेदवाडीचा धाऊ ठाकर त्यांच्या हाताखाली होता. एकदा खांबाचा ताण सुटला आणि मिस्त्री दरीवर लोंबकळले. धाऊने दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला, तळव्यांची सालटी निघाली तरी सोडला नाही. मिस्त्री आज घरी बसून पेन्शन खात होते ते त्या सालट्यांमुळे.

"काय केलं त्यानं?"

"कायबी नाय. ते म्हनत्यात, फितूर झाला."

जनाला बसवून मिस्त्रींनी एकेक गोष्ट विचारून घेतली. तंटा दळीचा, म्हणजे रान साफ करून पेरायच्या जमिनीचा होता. वाडीचे आदिवासी ठाकर डोंगरउतारावरच्या दळींत पिढ्यान् पिढ्या नाचणी पेरत आले होते. येसाजीराव म्हणजे जंगलाचा ठेकेदार, कडावच्या भाताच्या गिरणीचा मालक. त्याने लाकूडतोडीच्या नावाखाली दळींवर कुऱ्हाड चालवली. रान खालापूरच्या हद्दीत, म्हणून तक्रार खालापूरच्या महालकऱ्यांकडे, म्हणजे तिथल्या सरकारी अंमलदाराकडे करायची. वाडीजवळ दळीचा जुना सरकारी कागद होता, तेवढाच काय तो आधार.

पण वाडीने काही ठरवावं आणि ते येसाजीरावाला आधीच ठाऊक असावं, असं तीनदा घडलं. सोमवारी खालापूरला जायचं ठरलं, तर त्याच पहाटे तो महालकऱ्यांना शिकारीला घेऊन गेला. बुधवारी तोडीवर जायचं नाही असं ठरलं, तर मंगळवारीच परगावचे लाकूडतोडे येऊन उतरले. तिसऱ्या वेळी ठरलं की कागद गोदाआजीच्या घरातून हलवून शुक्राच्या कणगीत, नाचणीच्या तळाशी लपवायचा. दुसऱ्या दिवशी येसाजीरावाची माणसं शुक्राच्या घरात शिरली. बाकी कशालाही हात न लावता त्यांनी तीच कणगी उपडी केली. कागद गेला. अंगणातच जाळला, असं जना म्हणाली.

"हे सगळं ठरतं कुठं?"

"उंबराखाली. तितं देवाचा दगड हाय. दगडाला हात लावल्याबिगर वाडी कायबी ठरवीत नाय. दर शनवारी तिसऱ्या पारी."

"कोणी बाहेरचा ऐकत असेल."

"कसा ऐकंल? चारी अंगाला मानसं उभी करत्यात. उंबर माळावर हाय. कुत्रं आलं तरी दिसतं."

"मग धाऊच का?"

जनाने मान खाली घातली. "बाबा दर शनवारी सांजच्याला गिरनीवर जातो. तितनं तंबाखूची पुडी मिळती. समद्यांनी बघितलंय."

"पुडी कशाबद्दल?"

"उंबरावर कर्णा बांधलाय ना, त्याचं तोंड सकाळी पुसायचं. नाय तर चिमन्या घरटं करत्यात. सहदेवानं सांगितलंय."

सहदेवाचं नाव ऐकून मिस्त्रींना बरं वाटलं. कडावच्या या कुणब्याच्या पोराला तारेचं काम त्यांनीच शिकवलं होतं. असे हात शंभरात एकाला असतात, असं ते चारचौघांत सांगत. आता तो नेरळला राहून लाऊडस्पीकर लावण्याची कामं करत होता.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री हेदवाडीला पोचले. वाडीचं पाणी धाऊला बंद होतं. तो झोपडीच्या मागे बसून कोयत्याला धार लावत होता. पलीकडे एका फडक्यात दोन भांडी आणि एक घोंगडी बांधून तयार होती.

"तू सांगितलंस का कोणाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाय."

"वाडीला सांगितलंस का, की नाही म्हणून?"

"धा बारी सांगितलं." धाऊने कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "दगडाला हात लावून सांगितलं. म्हनाले, फितुराच्या हातानं दगड इटाळला. मंग धुतला त्यांनी."

 मिस्त्री उठून उंबराकडे गेले.

वाडीचा म्होरक्या शुक्रा बरोबर आला, पण नाखुशीने. शहाण्या माणसाने ठाकरांच्या भांडणात पडू नये, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मिस्त्रींनी त्याला कर्ण्याचं विचारलं, तसा तो जरा खुलला.

मार्गशीर्षात येसाजीरावाने गिरणीसमोर कथेचा सप्ताह घातला होता. सन एकोणीसशे सदतीस, या मुलखात लाऊडस्पीकर कोणी पाहिलेला नव्हता. मुंबईहून पाच कर्णे आले. चार मंडपाभोवतीच्या आंब्यांवर बांधले आणि पाचवा अर्धा मैल तार ओढून हेदवाडीच्या उंबरावर. ठाकरांना मंडपात जागा नव्हती, पण देवाचं नाव त्यांच्याही कानी पडावं अशी येसाजीरावांची भावना. कीर्तनकारबुवांनी त्या भावनेचं दोनदा कौतुक केलं. माणसाला बाहेर बसवून त्याच्यापर्यंत देव पोचवायचा, ही सोय मोठी छान.

"कथा नीट ऐकू आली?" मिस्त्रींनी विचारलं.

"आली. पर जमिनीशी बोलल्यावानी. लांबच्या मानसाला कळंना."

मिस्त्रींनी वर पाहिलं. चांगल्या कर्ण्याचं तोंड लांब, माणसांच्या डोक्यांवरून जाईल असं लावतात. हा कर्णा खालच्या फांदीला बांधलेला होता, आणि त्याचं तोंड सरळ देवाच्या दगडाकडे होतं. दगडाभोवती बसायच्या जागा घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

"सप्ताहानंतर किती वेळा वाजला?"

"येकदाबी नाय. येकादशीला भजन लावू म्हनाले व्हते. दोन येकादश्या गेल्या, मुकाच हाय."

मिस्त्री तारेच्या मागे चालू लागले. उंबरावरून कुंपणावर, कुंपणावरून आंब्यावर, पुन्हा कुंपणावर, अशी ती कडावकडे गेली होती. वाटेत, वाडीमागच्या खिंडीतून खोपोलीच्या विजेच्या उंच तारा आडव्या जात होत्या. तिथे उभं राहिलं की बारीक गुणगुण ऐकू यायची. तिसऱ्या आंब्यापाशी कर्ण्याच्या तारेला एक सांधा होता. खालच्या फांदीवर चढून मिस्त्रींनी तारेवर नख दाबलं. नखाची खूण मऊ, करड्या धातूत उमटली. शिसं. सांध्याच्या टोकापाशी आत पाहिलं तर दोन जाड तांब्याच्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या होत्या.

त्यांनी सांध्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. सात वेढे पुढे, अडीच मागे, आणि टोक आत दाबलेलं. मग ते खाली बांधावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

गिरणीसमोरच्या चार आंब्यांवर कर्णे नव्हते. ते सप्ताह संपला त्याच दिवशी मुंबईला परत गेले होते. फांद्यांच्या बेचक्यांत तारेचे तुकडे तेवढे अडकलेले होते. बारीक, मेण चोळलेल्या सुती दोऱ्यात गुंडाळलेली, दारावरच्या घंटीला लावतात तसली साधी तार.

सहदेव गिरणीतच भेटला. त्याने मिस्त्रींच्या पायांवर डोकं ठेवलं, खुर्ची आणली, चहा मागवला. येसाजीरावांनी बॅटऱ्यांचं काम दिलंय, म्हणून आठवड्यातून एकदा येतो, म्हणाला.

"कोणत्या दिवशी?"

"नक्की असं नाही काका. शनिवार धरून."

"उंबराची तार मुद्दाम जाड घेतलीस?"

"तुम्हीच शिकवलंय ना. लांबचा पल्ला असला की तांबं जाड पाहिजे, नाहीतर आवाज वाटेतच मरतो." सहदेव हसला. "या चार आंब्यांना घंटीची तार चालते. अर्ध्या मैलाला नाही चालत."

"खरं आहे. पण शिशाच्या वेष्टणाची का घेतलीस?"

"पावसाला टिकते."

"मार्गशीर्षात पाऊस?"

"राहिली वर्षभर, तर लागेलच की."

"मग रबराची पुरली असती. ती हलकी आणि ओढायला सोपी. ही पिळलेली, शिशाची तार झाडावर चढवायला चार माणसं लागली असतील."

"बाजारात होती ती घेतली काका." त्याचं हसू अजून तसंच होतं, पण चहाला त्याने हात लावला नव्हता.

"कर्णा वाजत का नाही?"

"आवाज वाढवायच्या यंत्रातला दिवा जळलाय. यंत्र मुंबईला दुरुस्तीला गेलंय, महिना झाला."

"मुक्या कर्ण्याचं तोंड दर शनिवारी पुसायला लावतोस ते कशाला?"

सहदेवाने खांदे उडवले. चिमण्या, म्हणाला.

निघताना मिस्त्री गिरणीच्या मागच्या बाजूने गेले. शिशाची तार पुढच्या दालनात, जिथे कथेच्या वेळी यंत्र मांडलं होतं तिथे जातच नव्हती. ती मागच्या एका लहानशा खोलीच्या खिडकीतून आत गेली होती, आणि त्या खोलीला कुलूप होतं.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी शुक्राला आणि गोदाआजीला धाऊच्या झोपडीत बोलावलं. शुक्रा दारातच अडला. वाळीत टाकलेल्याच्या घरात पाऊल कसं टाकायचं? गोदाआजी मात्र आत जाऊन बसली. तिच्याएवढं जुनं माणूस वाडीत नव्हतं. मिस्त्री म्हणाले, एक शनिवार मला द्या. धाऊ उद्या सकाळपासून तुमच्या नजरेसमोर बसेल. गिरणीवर जाणार नाही, कोणाशी बोलणार नाही. उंबराखाली फक्त मी आणि आजी बसू. मी जे बोलेन ते तुम्हालाही आधी सांगणार नाही. तरीही ते कडावला पोचलं, तर धाऊ फितूर नाही हे मान्य कराल?

शुक्राने बराच विचार करून मान डोलावली. पोचलं नाही तर धाऊला जावं लागेल, हेही त्याने सांगून टाकलं.

शनिवारी तिसऱ्या प्रहरी चारी बाजूंना माणसं उभी राहिली. शुक्रा, धाऊ आणि वाडीतले आणखी चौघे तिसऱ्या आंब्यालगतच्या करवंदीच्या जाळीआड बसले. मिस्त्रींनीच त्यांना तिथे बसवलं होतं, आणि ते का, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

उंबराखाली मिस्त्री दगडासमोर बसले. गोदाआजीला ऐकू कमी येत नव्हतं, तरी ते जरा मोठ्याने बोलले.

"आजी, कागद गेला तो गेला. पण मला दुसरंच सापडलंय. ही कर्ण्याची तार शिशाची आहे, भारी. उद्या पहाटे मी तिसऱ्या आंब्यापाशी ती कापणार आणि सांध्याचा तुकडा खालापूरला फौजदारांना दाखवणार. सांधा कोणाच्या हातचा आहे ते मी ओळखतो."

आजी म्हणाली, "आमाला त्यातलं काय कळतंय. कापा."

 अर्धा तास गेला असेल नसेल.

कडावच्या वाटेने एक सायकल आली. सायकलवाला माळावर आलाच नाही. तिसऱ्या आंब्यापाशी उतरला, सायकल गवतात टाकली, खांद्यावरच्या पिशवीतून पक्कड काढली आणि झाडावर चढून सांध्याच्या दोन्ही बाजूंनी तार कापू लागला. घाई इतकी की त्याला जाळीतली सहा माणसं दिसली नाहीत. धाऊने त्याच्या पायाला धरून खाली ओढलं. तो सहदेव होता.

मिस्त्री पोचले तेव्हा चौघांनी त्याला धरून ठेवलं होतं. कोणी मारलं नव्हतं. काय झालंय ते अजून कोणाला उमगलंच नव्हतं.

"तार कापायची हे तुला कोणी सांगितलं?" मिस्त्रींनी विचारलं.

सहदेवाने हातातली पक्कड गवतात सोडली.

"मी आजीला सांगितलं, त्याला अर्धा तास झाला. तिथून माणूस हललेला नाही. धाऊ यांच्या मांडीला मांडी लावून बसलाय. मग तुला कळलं कसं?"

"काका, जाऊ द्या ना."

"तू सांगणार नसशील तर मी सांगतो." मिस्त्री बांधावर बसले. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं वाटत होतं. "शुक्रा, तुम्ही चारी बाजूंना माणसं उभी केलीत, आणि ऐकणारा तुमच्या डोक्यावर टांगलेला होता. कर्ण्याच्या आत पातळ पडदा असतो. तारेतून वीज आली की तो हलतो आणि बोलतो. पण त्याच्यासमोर माणूस बोलला तरी तो हलतोच, आणि मग वीज उलटी, तारेतून परत जाते. पलीकडच्या टोकाला टेलिफोनचा रिसीव्हर लावून बसलं की खालचं सगळं ऐकू येतं. आवाज बारीक, पण स्वच्छ. घाटात बॅटरी संपली की आम्ही असेच दोन रिसीव्हर जोडून बोलायचो. हा माझ्या शेजारी बसून बोललाय."

"कर्णा ऐकतो?" शुक्राने विचारलं.

"ऐकतो. म्हणून तर त्याचं तोंड लोकांकडे नाही, तुमच्या दगडाकडे. आणि तो दर शनिवारी, बैठकीच्या सकाळी पुसायचा. महिनाभर जो बोलला नाही त्याचं तोंड साफ कशाला ठेवायचं? कान साफ ठेवायचा होता." त्यांनी कापलेल्या तारेचं टोक उचललं. "पण मला कळलं ते हिच्यावरून. आवाज न्यायचा असेल तर तांबं जाड असलं की झालं. मोठ्या आवाजात बारीक गुणगुण बुडून जाते. बारीक आवाज आणायचा असेल तर मात्र वाटेतली ही विजेची लाइन जीव घेते, गुणगुणीखाली बोलणं ऐकू येत नाही. त्याला उपाय एकच, तारा एकमेकींत पिळायच्या आणि वर शिशाचं वेष्टण. रेल्वे विजेवर गेली तेव्हा आम्ही कर्जतपासून घाटभर टेलिफोनला हीच तार घातली. गावाला कीर्तन ऐकवायला असली तार कोणी घेत नाही. ही चोरून ऐकायची तार आहे."

ते क्षणभर थांबले. "आणि सांधा माझा आहे. सात वेढे पुढे, अडीच मागे. सगळ्या खात्यात असा सांधा मी एकटा करायचो. मी एकालाच शिकवला."

सहदेव रडायला लागला. येसाजीराव म्हणाले, नुसती तार लाव, पुढचं आम्ही बघतो, असं तो सांगू लागला. कायमचं काम देतो म्हणाले, गिरणीला दिवे लावायचे होते. ऐकायला मात्र दुसऱ्या कोणाला जमेना, म्हणून तोच बसायचा. कागदाचं काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं.

"धाऊचं काय होईल हे ठाऊक होतं?"

सहदेवाने तोंड दुसरीकडे वळवलं. ठाऊक होतं.

शुक्राला मात्र अजून पटत नव्हतं. पत्र्याला ऐकू येतं हे कोणाला पटेल? मिस्त्रींनी सहदेवाच्या पिशवीतून रिसीव्हर काढला, उंबराकडून येणाऱ्या तारेच्या दोन टोकांना जोडला आणि शुक्राच्या कानाला लावला.

उंबराखाली जना गोदाआजीपाशी येऊन बसली होती. इकडे काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

शुक्रा आधी दचकला, मग हसला, मग त्याचं हसू मावळलं. त्याने रिसीव्हर शेजारच्याला दिला. शेजारच्याने पुढच्याला. एकेक जण ऐकत होता आणि खाली बघत होता. शेवटी मिस्त्रींनी कानाला लावला. फार लांबून, पण स्पष्ट, गोदाआजीचा आवाज येत होता.

"या हातांनी वाढवला गं तुझ्या बापाला. आई नव्हती त्याला. अन् त्याचं पानी मीच बंद केलं. मला ठाव व्हतं तो तसा नाय. पर समदे म्हनाले, मंग मीबी म्हनाले."

खालापूरच्या फौजदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरात घुसल्याला साक्षीदार आहेत, पण कागद होता हे सिद्ध कशाने करणार, त्याने विचारलं. आणि झाडावर कर्णा टांगून ऐकणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो ते त्याला पुस्तकात सापडलं नाही. येसाजीरावाने तार सरकारजमा होऊ दिली आणि पुढच्या हंगामात उरलेल्या दळीही तोडून घेतल्या. सहदेव नेरळ सोडून मुंबईला गेला. त्याचं तिथे बरं चाललंय, असं लोक सांगत.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी दिवस मावळायला हातभर उरला होता तेव्हा अख्खी वाडी धाऊच्या झोपडीसमोर जमली. शुक्राने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. गोदाआजीने स्वतः पाण्याचा हंडा भरून आणला आणि त्याच्या दारात ठेवला.

"चुकलो रं," शुक्रा म्हणाला. "आमाला काय ठाव, कर्ण्याला कान असतो."

धाऊने हंड्याकडे पाहिलं. मग फडक्यात बांधलेलं बोचकं उचलून खांद्यावर टाकलं आणि जनाला हाक मारली.

"कर्ण्याला कान व्हता ते मलाबी ठाव नव्हतं," तो म्हणाला. "पर तुमाला तर कान व्हते ना? धा बारी सांगितलं मी."

कोणी आडवं आलं नाही. मिस्त्री त्याच्यामागून माळापर्यंत गेले. कर्जतला माझ्याकडे चल, म्हणाले. धाऊने नाही म्हणून मान हलवली. खोपोलीला खडी फोडायचं काम निघालंय, तिथे कोणी ओळखीचं नाही ते बरं, असं त्याने सांगितलं. मग त्याने त्यांचा हात हातात घेतला. तळव्यावर दोराचे जुने वळ मिस्त्रींच्या बोटांना लागले, आणि त्यांना त्याच्या तोंडाकडे बघवेना.

पुढच्या शनिवारी हेदवाडी उंबराखाली जमली. कर्णा काढून नेला होता, फांदीवर दोरीची खूण तेवढी राहिली होती. सगळे दगडाभोवती आपापल्या जागी बसले आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिले. पहिल्यांदा कोणी बोलायचं ते ठरेना.